परचुरे कुटी

मुलांनो, महात्मा गांधींची अनेक छायाचित्रे तुम्ही पाहिली असतील. चरख्यावर सूत कातणारे गांधीजी, काठी घेऊन झपझप चालणारे गांधीजी, लहान मुलांबरोबर हसणारे गांधीजी. आणखी एक छायाचित्र आहे. त्यात गांधीजी एका आजारी माणसाची सेवा करीत आहेत. पाहणाऱ्याची नजर साहजिकच गांधीजींवर खिळते. तो दुसरा माणूस कोण, हे फारसे कोणी विचारत नाही. हा पाठ त्या दुसऱ्या माणसाविषयी आहे. त्यांचे नाव परचुरेशास्त्री.

परचुरेशास्त्री संस्कृतचे मोठे पंडित होते. उपनिषदे आणि स्तोत्रे त्यांना मुखोद्गत होती. ते देशभक्त होते. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला. अशा माणसाला समाजात मान मिळायला हवा. शास्त्रींना तो मिळालाही असता, पण त्यांना कुष्ठरोग झाला.

उर्दूत या रोगाला जुजाम म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. मराठीत पूर्वी त्याला महारोग म्हणत. सर्व रोगांत मोठा रोग, असा त्या शब्दाचा अर्थ. खरे पाहिले तर या रोगाने माणूस लगेच मरत नाही. पटकी किंवा प्लेग दोन-चार दिवसांत माणसाला नेत असे. कुष्ठरोगाचा रुग्ण वर्षानुवर्षे जगतो. मग हा रोग एवढा मोठा का वाटला? कारण त्यात माणूस जिवंत असतानाच त्याचे घर, गाव आणि नाते सुटत असे.

लोकांच्या मनात या रोगाबद्दल तीन समजुती होत्या. हे पापाचे फळ आहे, ही पहिली. हा रोग आईबापांकडून मुलांना मिळतो, ही दुसरी. रुग्णाला नुसता हात लागला तरी तो जडतो, ही तिसरी. आता तुम्हीच विचार करा. रोग जर पापाचे फळ असेल, तर शेजाऱ्याने घाबरण्याचे कारण काय? तो जर वंशातून येत असेल, तर स्पर्शाची भीती कशासाठी? या समजुतींचा एकमेकींशी मेळ बसत नाही. तरीही एकच माणूस तिन्ही समजुती एकदम बाळगत असे. भीती हिशेब मांडत नाही.

मग खरे काय आहे? हा रोग एका जंतूमुळे होतो. नॉर्वे देशातील डॉ. हान्सेन यांनी 1873 साली तो जंतू शोधून काढला. हा जंतू फार सावकाश वाढतो. तो शरीरात शिरल्यापासून रोगाची खूण दिसेपर्यंत अनेक वर्षे जाऊ शकतात. शिवाय बहुतेक माणसांच्या शरीरात या जंतूला तोंड देण्याची शक्ती उपजतच असते. म्हणून रुग्णाच्या सहवासात राहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना रोग होतो. हात मिळवल्याने किंवा शेजारी बसल्याने तो जडत नाही.

हा जंतू त्वचेवर आणि मज्जातंतूंवर हल्ला करतो. मज्जातंतू म्हणजे मेंदूकडे निरोप नेणाऱ्या शरीरातील तारा. त्या बिघडल्या की हाताला चटका बसल्याचा निरोप मेंदूकडे जातच नाही. समजा, तुमच्या आईने चुलीवरचा तापलेला तवा चुकून धरला. ती ताबडतोब हात मागे घेईल. रुग्णाचा हात मात्र तव्यावर तसाच राहील. कातडी भाजेल, फोड येईल, त्याची जखम होईल, आणि त्याला काहीच कळणार नाही. पायात काटा मोडला तरी तो तसाच चालत राहील. अशा जखमा चिघळतात. वारंवार चिघळून बोटे आखूड होतात. लोक म्हणत की बोटे आपोआप झडतात. तसे नसते. पण जखम पाहणाऱ्याला दिसते आणि तिच्यामागचे कारण दिसत नाही. रुग्णाने दुखत नाही असे सांगितले, तर ऐकणारा अधिकच बिचकतो.

रोग जंतूमुळे होतो हे कळल्यावर लोकांची भीती कमी व्हायला हवी होती. घडले उलटेच. शास्त्राची अर्धीच गोष्ट लोकांपर्यंत पोचली. हा रोग संसर्गाने होतो, एवढे त्यांनी ऐकले. तो क्वचितच पसरतो, हे ऐकायला कोणी थांबले नाही. हवाई बेटांवर कुष्ठरुग्णांची सेवा करणारे फादर डेमियन याच रोगाने 1889 साली वारले. त्या बातमीने जगभर घबराट उडाली. हिंदुस्थानात चौकशीसाठी एक आयोग नेमला गेला. 1890-91 मध्ये आयोगाचे सदस्य देशभर फिरले. या रोगाचा संसर्ग फारच थोड्या प्रमाणात होतो, असे त्यांनी आपल्या अहवालात नोंदवले. तरीसुद्धा 1898 साली सरकारने कायदा केलाच. भीक मागणाऱ्या निराधार रुग्णाला पकडून बंदिस्त जागेत ठेवण्याचा अधिकार या कायद्याने दिला. जिथे हा कायदा लागू होई, तिथे रुग्णांवर आणखी बंधने घालता येत. त्यांना खाण्याचे पदार्थ विकायला तयार करता येत नसत. सार्वजनिक विहिरीवर अंघोळ करता येत नसे. भाड्याची गाडी हाकता येत नसे. आयोग एक सांगतो आणि कायदा दुसरेच करतो, असा हा प्रकार होता.

अशा काळात परचुरेशास्त्रींना जगायचे होते.

तुमच्यापैकी जे जळोची-बारामतीकडे राहतात, त्यांना पुण्याचा रस्ता चांगला माहीत असेल. पुण्यात मुळा-मुठा नदी ओलांडली की येरवडा लागते. तिथला तुरुंग मोठा प्रसिद्ध आहे. स्वातंत्र्यलढ्यातील कितीतरी माणसे तिथे बंदिवान होती. 1932 साली गांधीजी याच तुरुंगात होते. परचुरेशास्त्रीही तिथेच होते. परंतु दोघांच्या जागा वेगळ्या होत्या. कुष्ठरोगी कैद्यांना तुरुंगात निराळे ठेवीत असत. शास्त्री त्या निराळ्या विभागात होते. म्हणजे तुरुंगाच्या आत त्यांच्यासाठी आणखी एक तुरुंग होता.

शास्त्री तिथे आहेत, हे गांधीजींना समजले. त्यांना भेटण्याची परवानगी गांधीजींनी मागितली. अधिकाऱ्यांनी ती दिली नाही. एकाच भिंतीच्या आत राहणाऱ्या त्या दोन माणसांना एकमेकांचे तोंड पाहता येईना. मग गांधीजींनी पत्रे लिहायला सुरुवात केली. तुरुंगातून तुरुंगात जाणारी ती पत्रे अधिकाऱ्यांच्या हातून जात. त्यांत ते शास्त्रींची विचारपूस करीत आणि त्यांना धीर देत. आजारी माणसाला औषधाइतकीच कोणाच्या तरी पत्राची वाट पाहण्याची गरज असते. ज्याच्याशी कोणी बोलत नाही त्याला तर ती फारच असते.

त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात एक मोठी घटना घडली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी सरकारने स्वतंत्र मतदारसंघ जाहीर केले होते. त्याविरुद्ध गांधीजींनी 20 सप्टेंबर 1932 रोजी येरवड्यात उपवास सुरू केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि इतर नेते यांच्यात बोलणी झाली. 24 सप्टेंबरला पुणे करार झाला. 26 तारखेला गांधीजींनी उपवास सोडला. कविवर्य रवींद्रनाथ टागोर त्या वेळी मुद्दाम बंगालहून आले होते. उपवासाच्या त्या दिवसांत तुरुंगाचे कडक नियम सैल झाले होते. उपवास सोडताना प्रार्थना झाली. या प्रार्थनेत परचुरेशास्त्रींनी संस्कृत मंत्र म्हटले.

हा प्रसंग डोळ्यांपुढे आणून पाहा. अस्पृश्यता नष्ट व्हावी म्हणून सारा देश बोलत होता. मंदिरे आणि विहिरी खुल्या करण्याच्या घोषणा होत होत्या. आणि तुरुंगाच्या अंगणात मंत्र म्हणणारा माणूस जन्माने ब्राह्मण होता, विद्वान होता, तरी त्यालाही कोणी शिवत नव्हते. त्याची अस्पृश्यता जातीची नव्हती, रोगाची होती. तिच्याविषयी कोणताही करार झाला नाही.

शास्त्री तुरुंगातून सुटले, पण रोगातून सुटले नाहीत. त्या काळी कुष्ठरोगावर खात्रीचे औषध नव्हते. चालमोगरा नावाच्या झाडाच्या बियांचे तेल रुग्णांना देत. त्याच जातीचे एक झाड आपल्या सह्याद्रीत आणि कोकणात वाढते. त्याला कडू कवठ म्हणतात. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात या तेलाचे प्रयोग केले होते. तेल पोटात घेतले तर मळमळत असे, आणि सुईने टोचले तर फार दुखत असे. काही रुग्णांना थोडा उतार पडे, पुष्कळांना पडत नसे. उतार पडलेल्यावरही लोकांचा विश्वास बसत नसे. एकदा कुष्ठरोगी म्हटले की तो कायमचा, अशीच सर्वांची समजूत होती.

अशा माणसाने जायचे कुठे? गाव नको म्हणते. धर्मशाळा नको म्हणते. नातेवाइकांनाही अवघड होते, कारण घरात रुग्ण आहे हे कळले की त्या घरातल्या मुलींची लग्ने अडत. रुग्ण स्वतःच घर सोडून जाई, आणि लोक म्हणत की तो आपण होऊन गेला.

1939 साली परचुरेशास्त्री गांधीजींच्या आश्रमापाशी आले. वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात गांधीजी 1936 पासून राहत होते. पुढे 1940 साली त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. शास्त्री आश्रमात शिरले नाहीत. ते बाहेरच थांबले. आपल्यामुळे कोणाला त्रास होऊ नये, असे त्यांना वाटत होते. गांधीजींचे दर्शन घ्यावे, रात्र एखाद्या झाडाखाली काढावी आणि निघून जावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. आपला शेवट आता जवळ आला आहे आणि तो गांधीजींच्या सान्निध्यात व्हावा, ही इच्छाही त्यांच्या मनात होती.

मला या साऱ्या कथेत ही जागा सर्वांत अवघड वाटते. लोकांनी एखाद्याला वर्षानुवर्षे दूर ठेवले की तो स्वतःच दूर उभा राहायला शिकतो. मग त्याला कोणी हाकलावे लागत नाही. येरवड्यात भिंत होती, पहारेकरी होते. इथे काहीच नव्हते. आश्रमाचे दार उघडे होते. तरी शास्त्रींचे पाय आत वळले नाहीत.

गांधीजी त्यांना भेटले. आता तुरुंगाधिकाऱ्याची परवानगी लागत नव्हती. पण निर्णय सोपाही नव्हता. त्या रात्री गांधीजी बराच वेळ विचार करीत राहिले. कशाचा विचार, ते समजायचे तर आपल्याला जुन्या काळात जावे लागेल.

गांधीजी दक्षिण आफ्रिकेत दरबान शहरात वकिली करीत होते, तेव्हाची गोष्ट. एक कुष्ठरोगी त्यांच्या दाराशी आला. त्याला नुसते जेवण देऊन वाटेला लावणे गांधीजींना जमेना. त्यांनी त्याला घरात ठेवून घेतले, त्याच्या जखमा धुतल्या, त्याची शुश्रूषा केली. परंतु कायमचे ठेवून घेण्याची त्यांची तयारी नव्हती. तशी सोयही नव्हती. अखेर त्यांनी त्याला गिरमिटिया मजुरांच्या सरकारी दवाखान्यात पाठवले. ही हकिगत त्यांनी आपल्या आत्मचरित्रात स्वतःच सांगितली आहे, आणि आपली इच्छाशक्ती तेव्हा कमी पडली हे लपवलेले नाही. आता चाळीस वर्षांनंतर तोच प्रश्न पुन्हा दाराशी आला होता.

शिवाय ते घर आता एकट्याचे नव्हते. आश्रमात स्त्रिया होत्या, मुले होती. सर्वांचे जेवण एकाच स्वयंपाकघरात शिजत असे. देशातील मोठमोठे पुढारी तिथे येत-जात. त्यांतील कोणी भ्याले, तर त्यांना दोष कसा द्यायचा? आपण आज औषधे असलेल्या काळात राहतो, म्हणून त्या माणसांना भित्रे म्हणणे सोपे आहे. त्यांच्यापुढे औषध नव्हते. रोग पसरतो हेही खोटे नव्हते, फक्त तो किती कमी पसरतो हे त्यांना कोणी समजावले नव्हते.

दुसऱ्या दिवशी गांधीजींनी ही गोष्ट आश्रमवासीयांपुढे ठेवली. आपण निर्णय घेतला आहे आणि तो सर्वांनी पाळावा, असे त्यांनी केले नाही. शास्त्रींना ठेवून घेण्यात धोका अजिबात नाही, असेही सांगितले नाही. त्यांनी सर्वांची संमती मागितली. ती मिळाली. शास्त्री राहिले.

त्यांच्यासाठी एक कुटी बांधली गेली. सेवाग्रामच्या इतर कुट्यांसारखीच ती साधी होती. महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिची जागा. गावाबाहेर, शेताच्या पलीकडे किंवा ओढ्याच्या काठी ती बांधली नाही. गांधीजी जिथे राहत, त्या कुटीच्या जवळच ती बांधली. आश्रमात येणाऱ्या कोणालाही ती दिसे. गांधीजींना भेटायचे तर शास्त्रींच्या शेजाराला यावेच लागे.

फिरून आल्यावर आश्रमातील आजाऱ्यांची चौकशी करण्याची गांधीजींची रीत होती. आता या रीतीत शास्त्रींची भर पडली. गांधीजी त्यांच्या जखमा स्वतः साफ करीत. त्यांच्या अंगाला मालिश करीत. घाईने उरकून टाकण्याचे हे काम नव्हते. कुठे नवी जखम झाली आहे का, कुठला भाग बधिर आहे, हे पाहावे लागते. रुग्णाला स्वतःला ते कळत नाही, म्हणून दुसऱ्या कोणीतरी डोळे उघडे ठेवून पाहावे लागते. कुष्ठरोगाच्या शुश्रूषेत हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. डोळ्यांनी नीट पाहिले नाही, तर साध्या खरचटण्याची मोठी जखम होते.

त्याच वर्षी, 1939 साली, दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. हिंदुस्थान न विचारता युद्धात ओढला गेला होता. वर्ध्याला बैठका होत होत्या. 1940 च्या ऑक्टोबरात विनोबा भाव्यांनी वैयक्तिक सत्याग्रहाला प्रारंभ केला. व्हाइसरॉयच्या पत्रांना उत्तरे जायची होती. या सगळ्या धामधुमीत एक वृद्ध माणूस रोज दुसऱ्या माणसाच्या पायावरची जखम धूत होता. ज्या छायाचित्राचा उल्लेख मी सुरुवातीला केला, ते याच दिवसांतले आहे. गांधीजींचे नातलग कनु गांधी यांनी आश्रमातील अशी अनेक छायाचित्रे काढली.

त्या छायाचित्राने जे काम केले, ते कदाचित शंभर भाषणांनीही झाले नसते. आयोगाचा अहवाल किती लोकांनी वाचला असेल? छायाचित्र वाचावे लागत नाही. रुग्णाच्या अंगाला हात लावणारा माणूस दुसऱ्या दिवशीही ठीक होता, तिसऱ्या दिवशीही ठीक होता. आश्रमातील माणसे हे रोज पाहत होती. त्यांच्या मनातील भीती एका दिवसात गेली नसेल. पण तिला रोज थोडे थोडे मागे सरकावे लागले असेल.

गांधीजींचे कौतुक करताना आपण शास्त्रींना विसरतो. दुसऱ्याकडून सेवा करून घेणे सोपे नसते. ज्याने वर्षानुवर्षे आपला हात दुसऱ्याला लागू नये म्हणून काळजी घेतली, त्याने सर्वांदेखत आपले जखमी पाय दुसऱ्याच्या हाती देणे, हे सोपे नसते. पाहणारे येत होते. काहींच्या नजरेत दया असेल, काहींच्या नजरेत किळस असेल. शास्त्रींनी ते सारे सोसले. लपून राहण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. त्यांनी तो पुन्हा धरला नाही.

वर्ध्याजवळच दत्तपूर नावाचे गाव आहे. तिथे विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी 1936 साली कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केले होते. त्यापूर्वी आपल्या देशात हे काम बहुतेक ख्रिस्ती मिशनरी करीत. मनोहरजी तरुण होते, धडधाकट होते. त्यांनी हे काम पत्करले, तेव्हा लोकांना ते वेडेपणाचे वाटले. दत्तपूरला रुग्ण नुसते पडून राहत नसत. ते शेती करीत, सूत कातीत, आपापल्या शक्तीप्रमाणे श्रम करीत.

1942 च्या ऑगस्टमध्ये गांधीजींना अटक झाली. त्यांना पुण्याच्या आगाखान राजवाड्यात ठेवण्यात आले. येरवड्याचा तुरुंग तिथून दूर नाही. मे 1944 मध्ये त्यांची सुटका झाली. परचुरेशास्त्रींचा अखेरचा काळ दत्तपूरला, मनोहरजींच्या देखरेखीखाली गेला. 1945 साली तिथेच त्यांचे निधन झाले. ते रोगमुक्त झाले नाहीत. गांधीजींच्या मालिशने रोग बरा झाला, अशी चमत्काराची गोष्ट कोणी सांगितली तर ती खरी मानू नका.

औषध मात्र वाटेत होते. 1941 साली अमेरिकेत कार्व्हिल येथील कुष्ठरुग्णालयात सल्फोन जातीच्या औषधांचे प्रयोग सुरू झाले. त्यांतूनच पुढे डॅप्सोनच्या गोळ्या आल्या. त्या स्वस्त होत्या आणि त्यांनी गुण येत असे. शास्त्रींच्या निधनानंतर थोड्याच वर्षांत ही औषधे आपल्या देशात पोचली. शास्त्री आणखी पाच-सात वर्षे जगते तर त्यांना ती मिळाली असती. इतिहासात असे अनेकदा घडते आणि आपण त्याला काही करू शकत नाही.

गांधीजींनी आपल्या रचनात्मक कार्यक्रमात कुष्ठरुग्णांच्या सेवेला स्थान दिले. त्यांच्या मृत्यूनंतर 1951 साली वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठान सुरू झाले. या संस्थेचे कार्यकर्ते दवाखान्यात बसून राहिले नाहीत. ते घरोघर जाऊन रुग्ण शोधू लागले आणि गावकऱ्यांना रोगाची माहिती देऊ लागले. पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी वाकड्या झालेल्या बोटांवर आणि विद्रूप झालेल्या चेहऱ्यांवर शस्त्रक्रिया केल्या. 1982 पासून तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत सुरू झाली. आज सहा महिने किंवा एक वर्ष ही औषधे नियमित घेतली की रोग पूर्ण बरा होतो. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात. उपचार सुरू झाले की रुग्णापासून इतरांना रोग होण्याचा धोका उरत नाही. तुमच्या घरीही कधी आशाताई किंवा आरोग्य कर्मचारी आले असतील. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे का, त्या जागी बधिरपणा आहे का, असे ते विचारतात. असा चट्टा दुखत नाही आणि खाजत नाही, म्हणून लोक तो दाखवत नाहीत. काही जण तो दाखवायला लाजतात. तुमच्या ओळखीच्या कोणाला असा चट्टा असेल, तर त्याला दवाखान्यात जायला सांगा, आणि ही गोष्ट गावभर करू नका.

कायदा बदलायला मात्र फार वेळ लागला. 1898 चा तो कायदा केंद्र सरकारने 2016 साली रद्द केला. पती किंवा पत्नीला कुष्ठरोग आहे, एवढ्या कारणावरून घटस्फोट मागता येत असे. ती तरतूद 2019 साली काढून टाकली. पूर्ण बरे करणारे औषध हाती आल्यानंतरही तीस-पस्तीस वर्षे ही कलमे पुस्तकात तशीच होती.

सेवाग्रामला कधी गेलात, तर बापू कुटी पाहालच. मातीच्या भिंती, बांबू आणि वर कौले. सगळे प्रवासी तिथे रांगेने जातात आणि छायाचित्रे काढतात. त्याच आवारात एक लहान कुटी आहे. तिचे नाव परचुरे कुटी. तिथे फारशी गर्दी नसते. बापू कुटीच्या दारातून निघून तिच्याकडे चालत जा, आणि वाटेत किती पावले पडली ते मोजा.